कवितेचा अर्थ खिशातच ठेवा : आठवी ते दहावीच्या वर्गात साहित्य शिकवताना

नववीच्या वर्गात बालकवींची ‘औदुंबर’ शिकवत होते. कविता वाचून झाली, मी लगेच खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, ‘मध्यवर्ती कल्पना’. खाली चार ओळी. मुलं निमूटपणे उतरवून घेऊ लागली. खिडकीजवळच्या एका मुलीने मात्र आधी खोडरबर काढलं. वहीच्या समासात तिने काहीतरी लिहिलं होतं, ते ती खोडत होती. काय होतं म्हणून विचारलं तर म्हणाली, “काही नाही मॅडम, चुकलं होतं.”

वह्या तपासायला आल्या तेव्हा ते पान मी उजेडाकडे धरलं. पेन्सिलीचे वण राहिले होते. ‘झाड थकलंय.’

माझ्या चार ओळींत हे कुठेच नव्हतं. त्या वर्षीपासून मी शिकवण्याचा क्रम उलटा केला. आधी कविता, मग मुलांचं म्हणणं, मग शब्द, मग कवी, आणि अगदी शेवटी, गरज उरलीच तर, माझा अर्थ. हा क्रम कसा चालवायचा ते खाली सविस्तर लिहिते आहे. आमची शाळा खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, वर्गात साठेक मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका. यात जमतं, म्हणजे बहुतेक ठिकाणी जमायला हरकत नाही.

एक आधीच सांगते. हे सगळ्या धड्यांना लावायला जाऊ नका, वार्षिक नियोजन कोलमडेल. वर्षाला दोन कविता आणि एक कथा एवढ्यांनाच असा वेळ द्या. बाकीचं नेहमीसारखं भराभर घ्या. दोन कवितांत लागलेली सवय मुलं उरलेल्या धड्यांत स्वतःहून वापरतात.

तासाच्या आधी

टाचण लिहिण्याआधी कविता मोठ्याने वाचा. घरी, उभ्याने, तीनदा. आपला आवाज कुठे अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करा, कारण मुलंही तिथेच अडखळणार आहेत.

मग त्या कवितेत असा एक प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला येत नाही. ही पायरी कृपा करून गाळू नका. ज्याचं उत्तर बाईंना ठाऊक आहे असा प्रश्न मुलं वासावरून ओळखतात, आणि मग विचार करायचं सोडून बाईंच्या मनातलं उत्तर हुडकायला लागतात. ‘औदुंबर’मधला माझा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे. ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. यातला ‘असला’ म्हणजे काय? ‘अशा प्रकारचा औदुंबर’ असं घ्यायचं, की ‘बसला असला’ एकत्र धरून ‘बसलेला आहे’ असं? का त्यात ‘बसला असेल’ असा अंदाजही आहे? मी दरवर्षी वेगळं वाचते आणि मुलांना तसं सांगते.

निवड आपल्या हातात नसते, पुस्तकात आहे तेच शिकवायचं असतं, हे खरं. पण जूनमध्ये पान उलटत पहिल्यापासूनच निघालं पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही. वर्षाची सुरुवात लहान कवितेने करा. ‘औदुंबर’ आठ ओळींची आहे, एका पानात मावते, दोन दिवसांत पाठही होते.

पहिला दिवस : नुसतं ऐकायचं

पुस्तकं दप्तरात. बाकावर काही नको. कवीचं नाव सांगा, जन्मसाल, बिरुदं, ग्रंथसंपदा यांतलं काही सांगू नका. कविता दोनदा वाचा. पहिल्यांदा आपल्या चालीने, दुसऱ्यांदा थोडी सावकाश. दोन वाचनांच्या मध्ये काही बोलू नका. पंख्याचा आवाज ऐकू येईल, शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू येतील, एखादा खुसखुसेल. येऊ द्या.

मग ताल. ‘ऐल तटावर’ म्हणजे आठ मात्रा, ‘पैल तटावर’ म्हणजे परत आठ. मात्रा हा शब्दही उच्चारू नका, बाकावर ठेका धरायला लावा. दोन ओळींत वर्गाला ठेका सापडतो आणि मागच्या बाकावरचे ढोलवाले एकदम जागे होतात. मात्रा मोजायचं व्याकरण पुढच्या आठवड्यात येईल, तेव्हा ते आधीच हातात बसलेलं असेल.

नंतर मुलांचं वाचन. ‘तू उठ, वाच’ असं अचानक करू नका. एका रांगेला एक ओळ द्या. ज्याला वाचायला जड जातं त्याला त्याची ओळ आदल्या दिवशी कानात सांगून ठेवा. आमच्याकडे एक मुलगा बोलताना अडायचा. त्याला मी शेवटची ओळ दिली होती, चार दिवस आधी. त्याने ती इतकी सावकाश म्हटली की वर्गाला वाटलं, ती तशीच म्हणायची असते. तेव्हापासून आमच्या शाळेत ती ओळ तशीच म्हणतात.

तास संपायला पाच मिनिटं उरली की वही उघडायची. कविता ऐकताना डोळ्यांपुढे जे आलं ते एका शब्दात किंवा एका ओळीत लिहायचं. पेन्सिलीने, आणि आज खोडरबर बंद. तुम्ही ते तपासायचं नाही, लाल पेन तर लांबच. नुसतं वाचायचं.

दुसरा दिवस : नकाशा

हा दिवस सगळ्यात मजेचा, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

दोघादोघांना एक कागद द्या. चित्र नाही काढायचं, नकाशा. तलाठ्याला शेताची हद्द दाखवायला काढतो तसा. झरा कुठून कुठे जातो, बेटं कुठे, गाव कुठे, टेकडी कुठे, पायवाट कुठून निघते आणि कुठे पोचते, झाड कुठे. आता पुस्तकं उघडायला परवानगी आहे.

दहा मिनिटांत भांडणं सुरू होतात. ऐल म्हणजे अलीकडचा, पैल म्हणजे पलीकडचा. मग गाव टेकडीकडे आहे ते कुणाच्या पलीकडे? बघणारा उभा कुठे आहे? एका जोडीने बघणाऱ्या माणसाला नकाशात काढलंच नव्हतं, दुसरीने त्याला डोहाच्या काठावर उभं केलं होतं. एकाने झाडाच्या मुळांना पावलं काढली. एका मुलीने झाड उलटं काढलं, पाण्यात शेंडा.

शेजारची मुलगी हसली, “झाड उलटं असतं का?”

“पडछाया आहे ती.”

“कवितेत कुठंय पडछाया?”

“झाकळुनी जळ म्हटलंय ना. पाणी झाकलं म्हणजे सावलीच पडली.”

हे बोलणं चालू असताना शिक्षकाने एकच काम करायचं. ‘कुठल्या ओळीवरून म्हणतेस?’ एवढंच विचारायचं. बरोबर उत्तरालाही आणि चुकलेल्या उत्तरालाही, एकाच आवाजात. आपण फक्त चुकलेल्यालाच पुरावा मागतो, त्यामुळे प्रश्न आला की मुलगा समजतो, आपलं चुकलं. हा एक प्रश्न वर्षभर चालवला तर बाकीची पद्धत विसरलात तरी चालेल, असं माझं मत आहे.

नकाशे भिंतीला लावा. मग फळ्यावर रंगांची यादी करा, कवितेत येतात त्या क्रमाने. हिरवाळी. निळासांवळा. हिरवी गर्दी. पांढरी पायवाट. हिरवी कुरणं. काळा डोह. काळिमा. यादी लिहून झाली की खडू खाली ठेवा आणि गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. ही दहा सेकंदं फार लांब वाटतात, शिक्षकाला स्वतःच उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, पण जीभ आवरा. बहुतेक वेळा सात-आठला कुणीतरी म्हणतं, “अंधार पडत चाललाय.” कुणीच नाही म्हणालं तर यादी खालून वर वाचायला सांगा.

आणि ‘गोड काळिमा’. मुलांना काळिमा माहीत असतो तो फासायचा. घराण्याच्या नावाला लागणारा. तो गोड कसा? एका वर्षी यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, “मे महिन्यात शेतातून घरी आलं ना मॅडम, की माठाजवळ अंधार असतो. तसला.” मी त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही.

शब्द कुणाचे?

पाठाखालचे शब्दार्थ आधी वाचून घ्यायची पद्धत सोडा. कठीण शब्द आला की आधी वर्गाला विचारा, हा शब्द तुमच्या घरी कुणी बोलतं का. खानदेशात याचा फायदा रोज दिसतो. बहिणाबाईंच्या कवितेतला ‘वढाय’ घ्या. मी अनेक वर्षं ‘ओढाळ, चंचल’ असा अर्थ लिहून देत होते. एका वर्षी गुरं राखणाऱ्या मुलाने सांगितलं की वढाय ढोर नुसतं चंचल नसतं. त्याला एकदा उभ्या पिकाची चव लागलेली असते. हाकललं तरी ते इकडेतिकडे भटकत नाही, फिरून त्याच वावरात येतं. मन ‘वढाय’ म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

त्या मुलाला मराठीत कधी पस्तीसच्या वर गुण मिळाले नव्हते. घरची बोली वर्गात आणली की नेहमीचे हुशार थोडे मागे पडतात आणि नेहमीचे मागचे पुढे येतात. तुम्ही दुसऱ्या भागात असाल तर मालवणी असेल, वऱ्हाडी असेल, मुंबईत घरी तिसरीच भाषा बोलणारी मुलं असतील. त्यांनाही विचारा, तुमच्याकडे याला काय म्हणतात. फळ्याचा एक कोपरा त्यासाठी राखून ठेवा.

तिसरा दिवस : कवी आता येऊ दे

त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म 13 ऑगस्ट 1890, धरणगाव. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून मृत्यू. वय सत्तावीस.

ही माहिती आपण पहिल्या तासाला पहिल्या पाच मिनिटांत देतो. मग काय होतं ते करून पाहा. ‘काळा डोह’ म्हणजे मृत्यू, झाड म्हणजे कवी, संपलं. नंतर कुणी नकाशा काढत नाही, माठ आठवत नाही. म्हणून ती तिसऱ्या दिवशी द्या आणि एकच विचारा, हे कळल्यावर डोह बदलला का? अर्धा वर्ग हो म्हणतो. उरलेल्या अर्ध्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक हवी. एक मुलगी म्हणाली होती, “कवितेत गाव पण आहे, शेतं पण आहेत. ती कुणी का बघत नाही?” अशा वेळी शिक्षकाने तिच्या बाजूने थोडं उभं राहावं, कारण मोठी माणसंही दुःखाकडेच पटकन वळतात.

वाद ऐन रंगात आला की तास संपतो. बरं होतं. माझा ‘असला’वाला प्रश्न मी याच दिवशी फळ्यावर टाकते आणि त्याला चौकट करून ‘पुसू नये’ लिहिते.

चर्चेत काय सांभाळायचं

साठ जणांत हात वर करणारे तेच सात असतात. म्हणून आधी दोघांनी आपसात बोलायचं, मग चौघांनी, मग वर्गात. वर्गात बोलताना आपलं नाही, जोडीदाराचं मत सांगायचं. लाजणाऱ्या मुली यामुळे बोलत्या होतात. दुसऱ्याचं सांगायचं असलं की भीड कमी वाटते.

टोकाचं उत्तर आलं तर? ‘झाडाला पोहता येत नसेल’ असं कुणी म्हणतंच. वर्ग हसतो. त्यालाही तोच प्रश्न, कुठल्या ओळीवरून. एकदा असा टवाळ मुलगा ओळ शोधता शोधता ‘पाय टाकुनी’वर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे आत शिरलेलं नाही, काठावर बसून फक्त पाय सोडलेत.” विनोद गेला, निरीक्षण राहिलं. पण सगळ्या वाचनांना सारखंच डोक्यावर घ्यायचं, असंही नाही. ओळ दाखवता आली नाही तर ‘हे तुझ्या मनातलं आहे, कवितेतलं नाही’ असं सरळ सांगावं. मुलांना त्याचा राग येत नाही. खोट्या ‘छान छान’चा येतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. उताऱ्यात जात, धर्म, गरिबी किंवा घरातली मारहाण असेल तर वर्गातल्या कुणाकडेही बघून ‘तुझा अनुभव सांग’ म्हणू नका. शिक्षकाची नजर नुसती तिकडे वळली तरी साठ माना वळतात. दलित आत्मकथनातला उतारा शिकवताना मी हे चुकले आहे. त्या मुलाने मान खाली घातली ती वर्षभर माझ्या तासाला वर केली नाही. आता मी अशा उताऱ्याला लेखी प्रश्न देते: लेखकाला त्या क्षणी कुणी काय बोलायला हवं होतं? उत्तरं नावं न घालता लिहायची, चिठ्ठ्या करून डब्यात टाकायच्या आणि मी वाचायच्या. ज्याला बोलायचं असतं तो नंतर स्टाफरूमच्या दाराशी येतो.

कथा असेल तर

कथेला तीन दिवस लागत नाहीत, दोन पुरतात. सगळी कथा एका दमात वाचायची नाही. निर्णय व्हायच्या अगदी आधी थांबा, पुस्तक मिटा, पुढे काय होईल ते दोन ओळींत लिहून घ्या आणि मग उरलेली वाचा. कुणाचा अंदाज बरोबर आला याला महत्त्व देऊ नका. लेखकाने दुसरा रस्ता का धरला, तिकडे बोलणं वळवा. गृहपाठात कथेतल्या सगळ्यात कमी बोललेल्या माणसाचं पत्र. गाडीवान, मोलकरीण, शेजारीण, कुणीही. सारांश लिहायला सांगितला की गाईड उघडतं, मोलकरणीच्या पत्राला गाईड पुरत नाही.

पण परीक्षेचं काय?

पालकसभेत हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. दहावीच्या कृतिपत्रिकेत रसग्रहण आहे. त्यासाठी मुलांना तीन मुद्दे सांगितलेले असतात, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. वर जे केलं ते यात कसं बसतं ते चौथ्या दिवशी उघड करून दाखवा, मुलांवर सोडू नका.

फळ्याचे तीन भाग करा. नकाशा काढताना जे कळलं, म्हणजे गावापासून डोहापर्यंत नजर कशी जाते, ते आशयसौंदर्यात. रंगांची यादी, झाडाचं पाय सोडून बसणं, ‘गोड काळिमा’ हे काव्यसौंदर्यात. आता सांगा की झाडाला माणसासारखं बसवलं याला चेतनगुणोक्ती म्हणतात. आधी ते झाड नकाशात बसलेलं असल्यामुळे अलंकाराचं नाव लक्षात राहतं. ठेका, जोडशब्द, ‘टाकुनी’सारखी जुनी रूपं ही भाषिक वैशिष्ट्यांत. मग वहीतला पहिल्या दिवशीचा पेन्सिलीचा शब्द शोधायचा आणि तो या तीनपैकी कुठे बसतो ते पाहायचं.

‘कवीने निसर्गाचं सुंदर वर्णन केलं आहे’ या वाक्याला मी वर्गात बंदी घातली आहे. त्याऐवजी असं लिहायला शिकवते: ‘हिरव्या रंगाने सुरू झालेली कविता काळ्यावर संपते, पण त्या काळ्याला कवी गोड म्हणतो.’ एक निरीक्षण, एक पुरावा. अशी चार वाक्यं जमली की उत्तर झालं. घोकलेल्या रसग्रहणात कवितेचं नाव बदललं तरी उत्तर तेच राहतं, आणि पेपर तपासणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. मी स्वतः पेपर तपासते म्हणून सांगते.

लिहिलेलं कुठे जातं?

फक्त शिक्षकासाठी लिहिलं की मुलं शिक्षकासारखं लिहितात. म्हणून वाचक द्या. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. रोजच्या रोज. आपल्याला रोज नाही जमणार, पण महिन्यातून एकदा भिंतीवर एक ड्रॉइंग पेपर जमतो. त्यावर मोलकरणीची पत्रं, नकाशे, बोलीतले शब्द. संपादक दर महिन्याला बदला, आणि शुद्धलेखनाचा पंडित एकच नेमा, नाहीतर सगळेच पंडित होतात.

आणि पुस्तकांची पेटी. ग्रंथालयाचं कपाट कुलपात असतं, किल्ली कुणाकडे असते ते विचारू नका. वर्गात पत्र्याची पेटी ठेवा. माझ्या पेटीत चाळीस पुस्तकं आहेत, बरीच रद्दीतून आणलेली, शिवाय बालभारतीचं ‘किशोर’. हे मासिक 1971 पासून निघतं आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. त्यातल्या निवडक गोष्टी मी छापून, शिवून ठेवल्या आहेत. शनिवारी शेवटची वीस मिनिटं वाचन. कुणी पुस्तक अर्धवट टाकलं तर कारण विचारायचं नाही. परीक्षण लिहून घ्यायचं नाही. त्या वीस मिनिटांत शिक्षकानेही वाचायचं, वह्या तपासायच्या नाहीत. याला मला दोन वर्षं लागली.

नोंदवही मुलांकडेच द्या. पुस्तकं हरवतील. पहिल्या वर्षी माझी सहा गेली आणि मी दंड लावला, तर पुढच्या महिन्यात कुणी पुस्तक घरी नेईना. दंड काढला. आता वर्षाला चार-पाच जातात, तेवढी मी जूनमध्ये पुन्हा रद्दीवाल्याकडून आणते.